‘गोलपिठा’ वाचताना पँथर बाजूला ठेवता येतं का?

कृष्णाकाठ (सांगली): आमच्या वाचनगटात परवा नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ या कवितासंग्रहावर तासभर चर्चा झाली. प्रतिमा, मुक्तछंद, लघुनियतकालिकं, सगळं झालं, पण दलित पँथर या चळवळीचं नावही निघालं नाही. १९७२ साली हा संग्रह आला आणि त्याच वर्षी नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवारांनी मुंबईत पँथर उभी केली. दलितांवरच्या अत्याचारांविरुद्ध रस्त्यावर उतरलेला माणूस आणि कामाठीपुरा, मुंबईतली ती वेश्यावस्ती, लिहिणारा कवी एकच होता. चळवळ वगळली की त्या संतापाची नुसती कारागिरी उरते.

माहुलीकर (सातारा): दादा, अजिबात पटलं नाही. चळवळ हीच मोजपट्टी धरली तर पुढचं काय करणार? दोनच वर्षांत ढाले-ढसाळ वेगळे झाले. आणीबाणीत ढसाळ इंदिरा गांधींच्या बाजूला, नंतर शिवसेनेच्या जवळ. म्हणून ‘गोलपिठा’ खोटा ठरतो? कवीचं राजकारण बदलतं, छापलेली ओळ बदलत नाही.

कृष्णाकाठ: मी नेत्याबद्दल नाही, चळवळीबद्दल बोलतोय. ढसाळ पुढं कुठंही गेले असोत, १९७२ चा राग त्यांच्या एकट्याचा नव्हता.

वाळव्याची लेक: तुम्ही दोघं छापील पुस्तकातच अडकलाय. आमच्या वाटेगावचे अण्णा भाऊ साठे मुंबईला गेले, गिरणीत राबले, अमर शेख आणि गवाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक काढलं. ‘मुंबईची लावणी’त मलबार हिलची श्रीमंती आणि कामगारांची मुंबई समोरासमोर उभी आहे. ऐकायला कोण? आपल्याच सातारा-सांगलीकडून गिरणीत गेलेली माणसं. तरी शहरी कवितेचा इतिहास सांगताना मर्ढेकरांपासून सुरुवात, आणि अण्णा भाऊ शाहिरीच्या प्रकरणात! उलट ‘गोलपिठा’ची प्रस्तावना लिहायला नाटककार तेंडुलकरांना ढसाळांबरोबर कामाठीपुऱ्याची वस्ती हिंडावी लागली. मग चळवळीच्या जास्त जवळची कविता कुठली?

माहुलीकर: ताई, सभेतलं गाणं पहिल्या ऐकण्यात कळावं लागतं. ढसाळांची ओळ परत परत वाचावी लागते, आणि मला तीच तिची ताकद वाटते. दोन्हींचं काम वेगळं आहे.

वाळव्याची लेक: ‘माझी मैना’ पहिल्या ऐकण्यात कळते, पण तेवढ्यात संपत नाही. गावाकडं राहिलेल्या बायकोचा विरह आणि संयुक्त महाराष्ट्राची मागणी तिथं एकाच गाण्यात आहे. अवघड असेल तीच खरी कविता, हे मी मानणार नाही. आणि नारायण सुर्वे? गिरणगावात वाढले, कम्युनिस्ट पक्षाचं काम केलं, १९६६ ला ‘माझे विद्यापीठ’ दिलं. कामगारांना कळलं आणि समीक्षकांनीही मानलं. तुमच्या वाटणीत ते कुठं बसतात, सांगा.