पूर्वी तान्ही पोरं नेमकं सांभाळायचं कोण?

राजारामपुरीकर: मंडळी, बायकोची २६ आठवड्यांची रजा संपत आलीय, कंपनी गोकुळ शिरगाव एमआयडीसीत, म्हणून पाळणाघर बघायलोय. आई नाराज आहे. आमच्या वेळी असलं काही नव्हतं, घरातच पोरं मोठी झाली म्हणते. तिला दुखवायचं नाही, पण आज्जी-पणजीच्या काळात बायका दिवसभर रानात असायच्या, मग बाळाकडं कोण बघायचं? कुणाच्या घरातलं माहीत असेल तर सांगा.

भोगावतीकाठ: थोरल्या पोरी बघायच्या, दुसरं कोण. आमच्या आईनं पाठची सगळी भावंडं कडेवर वागवली आणि त्यापायीच तिची शाळा तिसरीत सुटली. आज्जी घरात बसून नातवंडं सांभाळायची हे निम्मंच खरं, आमची आज्जी पाठ वाकली तरी भांगलायला जायची. भात लावणीत तर बांधावरच्या झाडाला लुगड्याची झोळी, मध्येच आई येऊन पाजून जाणार आणि झोका द्यायला तीच सात-आठ वर्षांची पोर. तिचा हिशोब कुणी धरलाच नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

जुनी मास्तरीण: अगदी बरोबर. शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, पोर शाळेत नाही घातलं तर आईबापाला महिना एक रुपया दंड होता. तरी धाकट्याला कोण धरणार हा प्रश्न घरोघरी राहिलाच. त्याला खरा हात घातला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी, तिकडं बोर्डी-कोसबाडला. विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी, म्हणजे पोरगी धाकट्याला घेऊन आली तरी तिचा वर्ग बुडत नव्हता. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढली, शाळाच रानात नेली. मुंबईच्या गिरणीकामगार बायकांचे हाल तर विचारू नका, बाळ झोपून राहावं म्हणून अफूची बाळागोळी देऊन कामावर जायला लागायचं. सरकारी अंगणवाड्या २ ऑक्टोबर १९७५ पासून आल्या, पण तिथं दिवसा बसवतात ते तीन वर्षांपुढचं मूल, त्याच्या आतल्याला घरी न्यायचा आहार मिळतो. दादा, तुमची अडचण नेमकी त्याच वयाची आहे. आईंना एवढंच विचारा की त्यांना लहानपणी कुणी सांभाळलं, बघा कुठल्यातरी मावशीचं किंवा आत्याचं नाव निघेल.

राजारामपुरीकर: विचारलं मॅडम. थोरल्या मावशीनं सांभाळलं म्हणाली आणि गप्प बसली. मावशीला सही करता येत नाही, आम्ही कधी का म्हणून विचारलंच नव्हतं.

मंगळवार पेठ काकू: मी बरीच वर्षं घरी पाळणाघर चालवलंय. आधी बायकोच्या ऑफिसात चौकशी करा, २०१७ पासून कायद्यानं ५० किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय द्यायची आहे आणि आईला दिवसातून चारदा बाळाकडं जाता येतं. तिथं नाही जमलं तर बाहेरचं बघताना दुपारी न सांगता जावा, एका बाईच्या अंगावर किती पोरं आहेत ते मोजा, दूध कशात तापवतात ते बघा. आणि आईंना सोबत न्या, त्यांना बरोबर कळतंय.