गोचीडताप: डॉक्सीचे सहा दिवस झाले, प्लेटलेट्स जागच्या हलत नाहीत

कृष्णाकाठची

आमचा तांबू. गावठी, चार वर्षांचा, वजन २० किलो. वाईत आमचा जुना वाडा आहे, दगडी भिंती, पुढे अंगण.

मागच्या रविवारी सकाळी अण्णा (माझे सासरे) साखळी घेऊन उभे राहिले आणि तांबू उठलाच नाही. एरवी साखळी नुसती वाजली तरी हा दाराला धडका मारतो, घाटावर जायचं म्हणजे याचा जीव की प्राण. हात लावला तर अंग तव्यासारखं. संध्याकाळी घोणा फुटला. एकाच नाकपुडीतून रक्त, ओटीवर थेंब थेंब. आई ओला फडका घेऊन त्याच्या नाकाशी बसल्या त्या रात्री अकरापर्यंत.

दवाखान्यात ताप भरला १०४.६. डॉक्टरांनी त्याला उताणं करून पोट दाखवलं, टाचणीच्या डोक्याएवढे लालजांभळे ठिपके. ते ठिपके मी आठवडाभर बघत होते आणि घामोळं समजत होते. (कुत्र्याला कुठलं आलंय घामोळं! पण मे महिन्यात आपल्याला जे होतं तेच त्याला, असं वाटतं खरं.) कानाची घडी उलगडली तर आत पाच-सहा गोचीड, आणि पुढच्या पंज्याच्या बेचक्यात एक फुगलेला, एरंडीच्या बीएवढा, राखाडी. रोज पाय पुसते मी त्याचे. तरीही दिसला नाही.

प्लेटलेट्स २८ हजार, म्हणजे फारच कमी, आणि एर्लिकिया (गोचिडातून येणारा, गोचीडतापाचा जंतू) पॉझिटिव्ह. डॉक्सीसायक्लिन १०० ची गोळी सकाळ-संध्याकाळ, २८ दिवस. शिवाय लोहाचं सिरप.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला, शेपूट हलली, आम्ही सुटकेचा श्वास टाकला. कालपासून परत १०३.५ आणि तुळशीपाशी नुसता पडून. काल पुन्हा रक्त तपासलं तर प्लेटलेट्स ३१ हजार. डॉक्टर परवापर्यंत बाहेरगावी आहेत. फोनवर म्हणाले गोळ्या चालू ठेवा, परत रक्त आलं तर सरळ शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्या.

खाण्यात फक्त दहीभात, तोही आईंनी हाताने भरवला तरच. गोळी त्यातच कुस्करते, सिरपही वरून ओतते, म्हणजे एकदाच काय ते उरकतं. सिरप खरं तर दुपारी द्यायला सांगितलंय, पण दुपारी तो तोंड उघडत नाही.

सहा दिवसांत एवढाच फरक पडतो का? शेजारचे म्हणतात गावठी कुत्रं आहे, आपोआप बरं होईल, कशाला एवढा खर्च. अण्णा काही बोलत नाहीत, पण सकाळी साखळी खुंटीवरून काढतात आणि परत अडकवतात.

सदूभाऊ

ताई, घाबरू नका. आमच्या राजाला झालं होतं, पपईच्या पानांचा रस दोन-दोन चमचे दिला, आठवड्यात टुणटुणीत. अंगाला रॉकेलचा बोळा फिरवा, गोचीड टपाटप गळतात. आमच्याकडे बैलांना पण तेच करायचे.

उंबरठा

सदूभाऊ, मनापासून सांगताय हे कळतं, पण रॉकेल अजिबात नको. कुत्रा अंग चाटतो, रॉकेल पोटात जातं, कातडीही भाजते. पपईचा रस डॉक्टरांना विचारून द्यायचा तर द्या, गोळीच्या ऐवजी मात्र नाही.

ताई, तुमची एक ओळ मी दोनदा वाचली. गोळी दहीभातात आणि सिरप वरून. घोळ तिथेच असणार असं मला वाटतं.

मी डॉक्टर नाही, पण हीच माती मी खाल्ली आहे. आमची जिमी, जर्मन शेफर्ड, दोन वर्षांपूर्वी याच तापाने आडवी झाली. गोळी बघितली की जबडा घट्ट मिटायची, म्हणून मी रोज पेढ्यात घालून द्यायचे. पाच दिवस मी खूश, जिमी त्याहून खूश, रिपोर्ट मात्र तसाच. डॉक्टरांनी विचारलं, गोळी कशातून देता? पेढा म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. डॉक्सी दुधातल्या कॅल्शियमला चिकटते, लोहाला तर त्याहून जास्त. मग ती रक्तात न जाता पोटातून तशीच पुढे सरकते. म्हणजे तुम्ही गोळी देताय, तांबू गिळतोय, आणि तरी ती त्याला पुरती मिळत नाहीये.

उपाशीपोटी देऊ नका, ओकून टाकेल. उकडलेल्या बटाट्याच्या गोळ्यात घाला, नाहीतर चिकनच्या पाण्यात भिजवलेल्या भाकरीत (कांदा-लसूण न घालता उकडलेलं). वर थोडं पाणी पाजा. सिरपला काही तासांचं अंतर हवंच, आणि कोर्स संपेपर्यंत ते थांबवता येईल का हे फोनवर आजच विचारा.

डॉक्टरांना आणखी दोन गोष्टी विचारा. एक, प्लेटलेट्स मशीनवर मोजल्या की काचपट्टीवर बघून? त्यांच्या गुठळ्या झाल्या तर मशीन आकडा कमी दाखवतं. दुसरं, बबेसिया (रक्तातला परजीवी) बघितला का? तोही गोचिडातूनच येतो, बरेचदा दोन्ही एकदम असतात, आणि त्याला डॉक्सी पुरत नाही. लघवी चहाच्या काढ्यासारखी काळपट होते का बघा. हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या, शी डांबरासारखी झाली किंवा परत घोणा फुटला तर परवाची वाट बघू नका, रात्र असली तरी गाडी काढा. आणि तापावर घरातली क्रोसिन, ब्रुफेन काहीही देऊ नका. एवढ्या कमी प्लेटलेट्सवर ब्रुफेनने पोटात रक्तस्राव होऊ शकतो.

गावठीचं म्हणाल तर हा ताप शेफर्डना जास्त जड जातो हे खरं. व्हिएतनाम युद्धात अमेरिकन सैन्याचे शेकडो कुत्रे याने गेले, त्यांत शेफर्डच जास्त. पण गावठी आपोआप बरं होतं हे काही खरं नाही. आजार अंगात मुरतो आणि काही महिन्यांनी वर येतो.

कृष्णाकाठची

वाचून हातपाय गार पडले. डॉक्टरांना आत्ताच फोन केला. आधी चार सेकंद शांतता, मग म्हणाले, "दह्यातून देताय हे मला कुणी सांगितलंच नाही." त्यांनी विचारलं नव्हतं, मी सांगितलं नव्हतं. सिरप बंद. दह्यातले सहा दिवस मोजायचे नाहीत, उद्यापासून दिवस पहिला. रक्ताची काचपट्टी शिरवळला पाठवतोय. लघवी पिवळीच आहे.

आईंना सांगणं सगळ्यात अवघड गेलं. त्या एवढंच म्हणाल्या, "म्हणजे मीच त्याचं औषध खाल्लं की."

पिवळी_जीप

मी पशुसंवर्धन खात्यातून निवृत्त झालो, पर्यवेक्षक होतो. औषधाचं वर आलंच आहे, मी भिंतीचं बोलतो.

कुत्र्यावरचा तपकिरी गोचीड घरात राहणारा आहे. मादी रक्त पिऊन टम्म झाली की खाली पडते, भिंत चढते, फट शोधते आणि हजारांनी अंडी घालते. पिल्लं निघतात, कुत्र्यावर चढतात, पितात, उतरतात, कात टाकून परत चढतात. असं तीनदा. खायला नाही मिळालं तरी महिनोन्महिने दम धरतात. दगडी वाडा म्हणजे त्यांची चाळच. बॅटरी घेऊन रात्री तुळशीमागची भिंत बघा, कुत्रा निजतो तिथून हातभर वर.

सांधे चुन्या-सिमेंटने भरून घ्या. त्याचं पोतं जाळा, नवं दर चार दिवसांनी उकळत्या पाण्यातून काढा. फवारणी करायची तर तांबूला दुसऱ्या घरी ठेवा, पूर्ण वाळल्यावरच आणा. त्याच्यासाठी गोचिडाची खायची गोळी मिळते, महिन्याची किंवा तीन महिन्यांची. आजारी आहे म्हणून कधी सुरू करायची ते डॉक्टरांनाच ठरवू द्या. अंगावरचा काढताना चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, पिळू नका. नखाने चिरडू तर नकाच, बाटलीत स्पिरिट घेऊन त्यात टाका.

कृष्णाकाठची

आज नव्या हिशेबाने एकोणिसावा दिवस.

काचपट्टीत बबेसिया नव्हता. बटाट्यातून गोळी सुरू केल्यावर तिसऱ्या दिवशी ताप गेला तो गेलाच. प्लेटलेट्स दहाव्या दिवशी ९६ हजार, काल १ लाख ८२ हजार. एर्लिकियाची किटवरची चाचणी परत करू का म्हणून विचारलं, तर डॉक्टर म्हणाले पैसे वाया घालवू नका, बरा झाल्यावरही ती कित्येक महिने पॉझिटिव्हच येते, आपण प्लेटलेट्स बघायच्या.

बटाटा आई स्वतः उकडतात. सोलतात, बोटाने खळगा करतात, गोळी ठेवतात, वरून लिंपतात, मोदकाचं तोंड मिटावं तसं. दह्याचं भांडं फ्रीजमध्ये सगळ्यात मागे गेलंय.

भिंतीचं पर्यवेक्षकसाहेब म्हणाले ते शब्दशः खरं निघालं. तुळशीमागच्या सांध्यात बॅटरी धरली तर मोहरी सांडावी तसे. गवंडी तीन दिवस होता. अण्णांनी स्पिरिटची बाटली खुंटीशेजारी टांगली आहे आणि कॅलेंडरवर रोजचा आकडा लिहितात. पहिल्या दिवशी ४१ होते.

परवा साखळी वाजली आणि तांबू उठला. दाराला धडक नाही मारली, पण चालत गेला. घाटाच्या तिसऱ्या पायरीवर बसकण मारली. अण्णाही तिथेच बसले, दोघं पाऊण तास.

काल बाटलीत दोन, आज एकही नाही. गोळ्या अजून नऊ दिवस.