अ‍ॅशवेलच्या मनोऱ्यातील अक्षरे
मध्ययुगीन ग्रामचर्चमध्ये इतिहास उरला आहे तो केवळ जमीनदारांच्या थडग्यांवर, हे मत मला पटत नाही. इंग्लंडच्या हार्टफर्डशर परगण्यातील अ‍ॅशवेलच्या सेंट मेरी चर्चमध्ये मनोऱ्याच्या आतल्या भिंतीवर कुणा अनामिकाने टोकदार हत्याराने लॅटिन ओळी कोरल्या आहेत: १३५० च्या प्लेगच्या महामारीनंतर साक्षीला उरला तो लोकांमधला निव्वळ गाळ, आणि पुढे १३६१ मध्ये सेंट मॉरच्या दिवशी (१५ जानेवारी) प्रचंड वादळ गरजले. (तेव्हा इंग्लंडमध्ये नवे वर्ष २५ मार्चला सुरू होई, आजच्या गणनेने ते वादळ जानेवारी १३६२ मधले.)

ही अक्षरे उमटली ती क्लंच या खडूसारख्या मऊ दगडामुळे. बाहेर पावसाने तो झिजतो, पण आत मात्र साधी ओरखड्याची रेघही त्याने साडेसहाशे वर्षे जपली आहे.