"ते सुळावर गेलेच नाहीत, मग तू रडतेस कशाला?" : ख्रिस्ती आणि इस्लाम, जुळतं कुठं आणि अडतं कुठं

मिरजेची सिस्टर

गुड फ्रायडेला आमच्याकडे दुपारी बारा ते तीन उपासना असते. येशूनं वधस्तंभावरून जी सात वाक्यं उच्चारली, त्यांवर सात संदेश होतात. यंदा घरी आले तेव्हा डोळे सुजलेले होते. शेजारच्या खाला दारात लसूण सोलत बसल्या होत्या. मला जवळ बसवून घेतलं, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "अगं, ते सुळावर गेलेच नाहीत. अल्लानं त्यांना वर उचलून घेतलं. मग तू रडतेस कशाला?"

त्या माझी समजूतच काढत होत्या. भिंतीला भिंत लागून राहतो आम्ही. माझ्या रात्रपाळ्या असायच्या तेव्हा माझी पोरं त्यांच्याच घरी जेवून झोपायची. पण त्या प्रश्नाला मला उत्तर देता आलं नाही, आणि तेव्हापासून तो डोक्यातून जात नाही.

काही दिवसांपूर्वी सद्भावनेच्या एका कार्यक्रमात वक्ते म्हणाले होते, "येशू तेच ईसा, दोन्ही धर्म एकच सांगतात." टाळ्या पडल्या. माझं म्हणणं असं की हे खरं नाही, आणि असं म्हणणं म्हणजे दोघांचंही नीट न ऐकणं आहे.

जुळतं खूप. एकच निर्माता देव. आदम, नूह, इब्राहिम, मूसा, दाऊद दोघांचे. देवदूत कुमारी मरियमेला निरोप देतो, तेही दोघांकडे. येशू आंधळ्यांना दृष्टी देतो, कुष्ठरोग्यांना बरं करतो, मेलेल्यांना उठवतो, हे कुराणातही आहे. त्याला मसीहा दोघंही म्हणतात. तो परत येणार, न्यायाचा दिवस येणार, हेही दोघं मानतात. पण कुराणाच्या चौथ्या सूरेत, म्हणजे अध्यायात, १५७ व्या आयतीत, म्हणजे वचनात, स्पष्ट म्हटलंय की त्यांनी त्याला मारलं नाही, सुळावरही दिलं नाही, तसा भास झाला. आणि आमचा प्रेषित पौल करिंथकरांना लिहितो की ख्रिस्त मेलेल्यांतून उठला नसेल तर तुमचा विश्वास फुकट आहे. मरणच नाही तर उठणं कुठलं? दोघांचा जीव ज्याच्यावर, त्याचं शेवटी काय झालं यावरच आमचं जमत नाही. हा फरक किरकोळ कसा म्हणायचा?

कृष्णाकाठ सांगली

सिस्टर, राग मानू नका, पण हे उकरून काढायची गरज काय? २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा होडीत कोण कुठला हे कुणी विचारलं नाही. तुमच्याच मिरजेत मीरासाहेबांच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे, आणि दर वर्षी उरसात तिथं सगळ्या जातिधर्मांचे गवई हजेरी लावतात. आम्ही माळकरी माणसं. घाट वेगळे, पाणी एकच, एवढंच आम्हाला कळतं. बारीक फरक शोधत बसलं की पुढं भांडणंच होतात.

मिरजेची सिस्टर

दादा, होडीचं खरं आहे. पण होडीत जागा देण्यासाठी आधी "तुमचं-आमचं एकच" असं ठरवावं लागतं का? खाला वेगळं मानतात हे पक्कं ठाऊक असूनच मी पोरं त्यांच्याकडे सोडली. घाट आणि पाणी हा तुमचा विचार आहे, आणि तो मोठा आहे. पण तो ना खालांचा, ना माझा. आम्हा दोघींना तुमच्या विचारात बसवून मग "बघा, एकच आहात" म्हणायचं, हे मला पटत नाही.

तासगावचा शिक्षक

सिस्टर, तुम्ही आदरानं लिहिलंत म्हणून मोकळेपणानं लिहितो. एकच नाही, हे मला मान्य. पण मूळ तुम्ही चुकीच्या जागी शोधताय. वधस्तंभ ही फांदी आहे. मूळ तौहीद, म्हणजे अल्लाचं एकपण.

आमच्या पोरांना अगदी लहानपणी पाठ होणाऱ्या सूरांपैकी एक म्हणजे इख्लास. चारच आयती. अल्ला एक आहे, तो कुणावर अवलंबून नाही, त्यानं कुणाला जन्म दिला नाही आणि कुणी त्याला दिला नाही, त्याच्या तोडीचं कुणी नाही. हजरत ईसांना मान न देणारा माणूस मुसलमान राहूच शकत नाही. कुराण त्यांना अल्लाचा कलिमा, म्हणजे शब्द म्हणतं. पण पुत्र म्हणत नाही. खुद्द ईसांना सगळ्यांत मोठी आज्ञा कोणती असं विचारलं, तेव्हा मार्कच्या शुभवर्तमानात ते काय म्हणतात? "हे इस्राएला, ऐक, आपला देव परमेश्वर एकच आहे." आम्ही तेच म्हणतो.

दुसरी गोष्ट पापाची. आदम चुकला, त्यानं माफी मागितली, अल्लानं माफ केलं. विषय तिथंच संपला. त्याचं पाप पोरानातवंडांना चिकटत नाही. एकाचं ओझं दुसरा वाहत नाही, असं कुराण सांगतं. मग कुणी कुणासाठी मरायचं कारणच उरत नाही. तुमच्या लूकच्या पंधराव्या अध्यायात उधळ्या पुत्राचा दाखला आहे. पोरगं सगळं उडवून घरी येतं. बाप मिठी मारण्याआधी कुणाचा बळी मागतो? कुणाचाच नाही. लांबून पाहतो आणि धावत सुटतो. आमच्याकडे हदीस कुदसी, म्हणजे पैगंबरांनी सांगितलेलं अल्लाचं बोलणं आहे, त्यात अल्ला म्हणतो, जो माझ्याकडे चालत येतो त्याच्याकडे मी धावत जातो. क्षमा करायला अल्लाला वधस्तंभ लागत नाही, हे ईसांनी स्वतःच या दाखल्यात सांगितलंय असं मी समजतो.

इतिहासाचा विद्यार्थी, विटा

श्रद्धा बाजूला ठेवून दोन गोष्टी. येशूला रोमन सुभेदार पंतय पिलातानं मृत्युदंड दिला, हे ख्रिस्ती नसलेला रोमन इतिहासकार टॅसिटस इसवी सन ११६ च्या सुमारास लिहितो. येशूच्या चरित्रातली इतिहासकारांना सर्वांत खात्रीची वाटणारी घटना हीच. इथं मला कुराणाचं म्हणणं इतिहास म्हणून स्वीकारता येत नाही. दुसरं, ३२५ साली निकियाला भरलेल्या ख्रिस्ती धर्माध्यक्षांच्या परिषदेत मतं घेऊन येशूला देव केलं, असं ऐकायला मिळतं. तेही चूक. पौलाची पत्रं निकियाच्या अडीचशेहून अधिक वर्षं आधीची, आणि त्यांत येशूला प्रभू म्हणून शरण जाणारी माणसं आधीपासून आहेत. पुत्र पित्याशी एकाच तत्त्वाचा की पित्यानं निर्माण केलेला, हा निकियातला वाद होता.

तासगावचा शिक्षक

निकियाबद्दल दुरुस्ती मान्य. टॅसिटसबद्दल एवढंच की लोकांना काय दिसलं ते तो सांगतो. लोकांना तसं दिसलं, हे आयतही नाकारत नाही. नेमकं काय घडलं यावर आमच्या भाष्यकारांतही एकापेक्षा जास्त मतं आहेत. पण मला त्यामागचा विचार महत्त्वाचा वाटतो. बकरी ईदला आम्ही काय आठवतो? इब्राहिमनं पोराच्या गळ्यावर सुरी ठेवली आणि अल्लानं ती थांबवली. तुमच्या बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकात तो पोरगा इसहाक आहे. कुराणात त्या प्रसंगी नाव नाही, आमच्यातले बहुतेक जण इस्माईल मानतात. तो फरक सोडा. जो अल्ला त्या पोराची सुरी थांबवतो, तो आपल्या पैगंबराला शत्रूंच्या हाती हाल होऊन मरू देईल का?

मिरजेची सिस्टर

सर, उधळ्या पुत्राचा दाखला तुम्ही माझ्याच हातातून घेऊन मला वाचून दाखवलात. दोन दिवस मी त्यावरच विचार केला.

त्या पोरानं बाप जिवंत असताना वाटणी मागितली. आपल्याकडे असं झालं तर चारचौघांत काय बोललं जातं, ते तुम्हाला माहीत आहे. बापानं दिली. पोरानं उडवली ती कमाई बापाची. नंतर तोच घरंदाज म्हातारा, लोक बघत असताना, भर रस्त्यातून धावतो. पोराला क्षमा फुकट मिळाली, हे खरं. बापाला ती फुकट पडली नाही. पैसा गेला, अब्रू गेली, आणि त्यानं ते गिळलं. मी बत्तीस वर्षं वॉर्डात काढली. बिघडलेल्या पोराच्या उशाशी बसलेले आईबाप खूप पाहिले. माफ करणाऱ्याचं काहीच जात नाही, असं मला कधी दिसलं नाही.

आणि इथंच तुमचं एक म्हणणं मी मान्य करते. येशू फक्त पैगंबर असेल, तर इतरांच्या पापासाठी त्यानं मरणं हा अन्यायच. कुणा तिसऱ्याला पकडून शिक्षा देणारा देव मलाही नको. आमचं सगळं म्हणणं टिकतं ते तिथं देवानंच स्वतः सोसलं, याच्यावर. तसं सोसणं तुमच्याकडे नाही. म्हणजे मूळ तौहीदपाशी आहे हे तुमचं बरोबर, मी फांदीकडे बोट दाखवत होते. पण ती फांदी त्या मुळापासून तोडता येत नाही.

एक गैरसमज मात्र जाऊ दे. त्रैक्य म्हणजे पिता, पुत्र, पवित्र आत्मा, आणि देव एकच. मरियम त्यात नाही. आमच्याबरोबर काम करणारी एक मुसलमान मुलगी मला म्हणायची, "तुम्ही देव, मरियम आणि ईसा असे तीन मानता ना?" पाचव्या सूरेतली ११६ वी आयत वाचून तिला तसं वाटलं होतं. आणि पुत्र म्हणताना देवानं बायको केली असं कुणाही ख्रिस्ती माणसाच्या मनात येत नाही. ते शिर्क, म्हणजे देवाच्या जोडीला दुसरं कुणी ठेवणं, असेल तर आम्हीही ते शिर्कच म्हणू.

साताऱ्याहून

मीही ख्रिस्ती, तरी सिस्टरांशी थोडा वाद घालतो. आपण येशू आणि मुहंमद पैगंबर यांना समोरासमोर ठेवतो तिथंच गफलत होते. योहान म्हणतो, शब्द देही झाला. इस्लाममध्ये शब्द ग्रंथ झाला. म्हणजे ताडून बघायचंच तर येशूसमोर कुराण ठेवायला हवं. मग पुष्कळ गोष्टी कळतात. नमाज अरबीतच का, आणि कुराणाच्या भाषांतराला अर्थ म्हणतात, कुराण म्हणत नाहीत, ते का. आपल्याकडे उलट. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं, आणि ते आपल्याला शास्त्रच. कवी रेव्हरंड ना. वा. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, शेवटची वर्षं आमच्या साताऱ्यात राहिले, आणि त्यांनी ख्रिस्तावर अभंग लिहिले. आजही आमच्या देवळात पेटी-तबल्यावर ते म्हणतात. शब्द माणूस झाला तर तो मराठी बोलणारच.

पण म्हणून देवच वेगळा असं मी म्हणणार नाही. १९६५ साली कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं मुसलमान एकाच देवाची भक्ती करतात, येशूला देव मानत नसले तरी पैगंबर म्हणून मान देतात आणि मरियमेचाही आदर करतात, हे लिहून ठेवलं. आम्ही प्रोटेस्टंट असलो तरी ते मला पटतं. अरबी ख्रिस्ती माणूससुद्धा प्रार्थनेत देवाला अल्लाच म्हणतो.

कराडची विद्यार्थिनी

तुम्ही सगळे वधस्तंभापाशीच उभे आहात. मला मरियमबद्दल बोलायचंय. कुराणात नावानिशी येणारी ती एकच बाई. नाव ३४ वेळा येतं, नव्या करारापेक्षा जास्त. एक अख्खी सूरा तिच्या नावाची. लूकमध्ये तिच्यासोबत योसेफ आहे, गव्हाण आहे, मेंढपाळ आहेत. कुराणात योसेफ नाहीच. ती एकटी, लांब निघून गेलेली, खजुराच्या बुंध्याला टेकून कळा सोसते आणि म्हणते, याआधीच मेले असते तर बरं झालं असतं. मग खालून आवाज येतो, दुःख करू नकोस, पायाशी झरा आहे, झाड हलव, खजूर पडतील. माझी आजी ही गोष्ट बाळंतिणींना सांगायची. सिस्टरमावशी, तुम्ही म्हणता सोसणं आमच्याकडे नाही. आहे की! ते मरियमपाशी आहे.

आणि ६१५ च्या सुमारास मक्केत छळ झाला तेव्हा पहिले मुसलमान पळून गेले ते हबशाच्या, म्हणजे आजच्या इथिओपियाकडच्या, ख्रिस्ती राजाकडे. दरबारात त्यांच्यातल्या जाफरनं हीच मरियमची सूरा म्हटली आणि राजा रडला, असं आमच्याकडे सांगतात. ईसांबद्दल तुम्ही काय मानता, हे विचारल्यावर जाफरनं खरं ते सांगितलं, म्हणजे ते अल्लाचे बंदे आणि पैगंबर. राजानं जमिनीवरची काडी उचलली. म्हणाला, तुमच्या म्हणण्यात आणि खऱ्यात या काडीएवढाही फरक नाही. भोवतालच्या लोकांनी नाकं मुरडली, तरी त्यानं आसरा दिला. मला वाटतं, जाफरनं आसऱ्यासाठी गोड बोलणं केलं नाही, हे त्यातलं सगळ्यांत महत्त्वाचं.

कृष्णाकाठ सांगली

ही गोष्ट मला माहीत नव्हती. मंचावरून "एकच आहे" म्हणण्याऐवजी हीच सांगायला हवी होती. तरी काडीएवढा फरक म्हणणारा राजा माझ्या बाजूचा, असं मी धरून चालतो.

मिरजेची सिस्टर

पोरी, खजुराची गोष्ट मी खालांकडून पुन्हा ऐकली. त्यांना पाठच आहे. सोसणं तुमच्याकडे नाही असं मी लिहायला नको होतं. मला म्हणायचं होतं ते सोसतं कोण, याबद्दल.

काल त्यांच्याकडे बसले असताना सरांची धावत येणाऱ्या अल्लाची हदीस त्यांना सांगितली. त्यांनाही ती माहीत होती, बरं वाटलं त्यांना. मग मी त्यांच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. म्हटलं, "खाला, सरांनी विचारलं की पोराची सुरी थांबवणारा अल्ला ईसांना मरू देईल का. आम्ही मानतो, त्यानं इब्राहिमच्या पोराची सुरी थांबवली, स्वतःच्या पोराची थांबवली नाही. आमच्यासाठी. म्हणून त्या दिवशी रडले."

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "अल्लाला असं दुःख होत नाही ग. तो त्याच्या पलीकडे आहे."

मी म्हटलं, "तिथंच तर आपलं अडलंय."

"हां," त्या म्हणाल्या, "तिथंच." आणि उरलेला लसूण माझ्या पुढ्यात सरकवला.