मदत हवी आहे: सोसायटीच्या खताच्या पिटात अळ्या आणि वास

नमस्कार मंडळी. आमची कोथरूडमधली ४२ फ्लॅटची जुनी सोसायटी. घनकचरा नियमांप्रमाणे दिवसाला १०० किलोंहून जास्त कचरा करणाऱ्यांनी ओला कचरा आवारातच जिरवायचा असतो; आम्ही त्यात बसत नाही, तरी पुण्याचा कचरा डेपो ज्यांच्या उशाला आहे त्या उरुळी-फुरसुंगीच्या लोकांनी आपला कचरा किती वर्षं सोसायचा, म्हणून गेल्या दिवाळीनंतर मागच्या अंगणात विटांचे दोन पिट बांधले.

सुका कचरा 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताई नेतात, सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून लाल ठिपका काढून वेगळे देतो. तिथे काही अडचण नाही. घोडं अडलंय ते ओल्यावर.

पाऊस सुरू झाल्यापासून पिटात नुसता चिखल झालाय. खाली काळं पाणी साचतं, आंबूस वास येतो आणि पांढरट-तपकिरी अळ्या वळवळतात. पहिल्या मजल्यावरच्या काकू तर रोज सकाळी मला खिडकीतूनच ऐकवतात! पिट बांधून देणारा फोन उचलत नाही. वाळका पाला घालतो, पण भर पावसात कोरडा पाला आणायचा कुठून? लाकडाचा भुसा चालेल का, आणि एक बादली ओल्याला किती? नारळाच्या काथ्याचा चुरा कुणी वापरलाय का?

त्या अळ्या काळ्या सैनिक माशीच्या (ब्लॅक सोल्जर फ्लाय) असतील तर त्या कचरा खातात, राहू द्या, असं एक जण म्हणाला. पटतंय, पण काकूंना कसं पटवू? उरलेली आमटी, ताक वगैरे अजिबात टाकू द्यायचं नाही का?

जवळपास कुणाचा पिट पावसाळ्यातही नीट चालत असेल तर रविवारी बघायला येऊ का? चहा माझ्याकडून.