कान बंद झालाय? लसणाचं तेल नको
रामकुंडात डुबकी मारल्यापासून एक कान बंद आहे, लसूण तळलेलं तेल घालू का, या प्रश्नाच्या उत्तरात थोडी भर. बहुतेक वेळा आत पाणी साचलेलं नसतं; आधीचाच सुका मळ पाणी पिऊन फुगलेला असतो.

लसूण नकोच, आतली नाजूक कातडी भाजते. साधं ऑलिव्ह तेल पुरे. ड्रॉपरची बाटली मुठीत धरून अंगाइतकी कोमट करा. नाशिकच्या थंडीत गार तेल घातलंत तर गरगरायला लागेल. बंद कान वर राहील असं कुशीवर झोपा, कानाची पाळी वर आणि मागे ओढा, २-३ थेंब सोडा, ५-१० मिनिटं तसेच पडून राहा. दिवसातून दोनदा, ३ ते ५ दिवस. सुरुवातीला कान आणखीच बंद वाटेल, कारण मळ भिजून फुगतो. नेमकं तेव्हाच लोक कापसाचा बड घालतात आणि तो गोळा पडद्याकडे ढकलतात! ओघळेल तेवढंच बाहेरून पुसा.

कान दुखत किंवा वाहत असेल, पडद्याला भोक असेल, तर एक थेंबही नको. मधुमेहींनी घरी कानात पाण्याची पिचकारी मारूच नये, जंतुसंसर्ग हाडापर्यंत जाऊ शकतो. पाच दिवसांत फरक नाही पडला तर कान-नाक-घशाचे डॉक्टर. मऊ झालेला मळ सक्शनने सहज निघतो.