अनुभव धागा: पेपरातला वाद आणि आपलं गाव

मराठवाड्यात पेपर ही एकट्यानं वाचायची गोष्ट कधीच नव्हती. हॉटेलात, सलूनमध्ये, ग्रामपंचायतीच्या ओट्यावर एक जण मोठ्यानं वाचणार, बाकीचे मध्ये तोंड घालणार. विद्यापीठाचं नाव असो, शहराचं नाव असो की आरक्षण, वाद छापून आला की तो कोणी वाचला, कोणासमोर वाचला आणि ऐकता ऐकता कोण उठून गेलं, यावर गावातलं पुढचं राजकारण ठरायचं. विधिमंडळात काय झालं त्याच्या नोंदी आहेत. कोर्टात काय झालं तेही सापडतं. हॉटेलात काय झालं ते मात्र ज्यानं पाहिलं त्यालाच माहीत.

ते इथं लिहा. कोण बरोबर होतं याचा निकाल नकोय, तो लावणारे पुष्कळ आहेत. खासगी माणसांची नावं आणि गावातल्या भांडणातली आडनावं गाळा. पुढाऱ्यांची नावं चालतील, त्यांना सवय आहे.

बिलोलीकडचा

२७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचा ठराव केला. तेव्हा मी प्राथमिक शाळेत. आमच्या वस्तीत पेपर येत नव्हता. ठराव आमच्यापर्यंत पोचला तो मालकाच्या तोंडून. माझा आजा सालगडी. त्याला मालकानं विचारलं, "काय रे, झालं म्हणं तुमचं विद्यापीठ?" आज्याला विद्यापीठ कशाला म्हणतात ते ठाऊक नव्हतं, पण आवाज ओळखायची सवय होती. रात्री त्यानं आम्हाला सगळ्यांना ज्वारीत नेऊन निजवलं. दोन रात्रींनी वस्ती पेटली. आमची माणसं वाचली ती त्या ज्वारीमुळं. नांदेड जिल्ह्यातल्याच टेंभुर्णीला पोचीराम कांबळे वाचले नाहीत.

कॉलेजला नांदेडला आलो तेव्हा वाचनालयात त्या दिवसांचे अंक काढून बसलो. अग्रलेख, लेख, पत्रं, पत्रांना उत्तरं. मराठवाड्याची अस्मिता, लोकभावना, ठरावाची घाई. निजामाविरुद्ध लढलेले गोविंदभाई श्रॉफ विरोधात, एस. एम. जोशी बाजूनं. ज्यांनी आयुष्यभर एकमेकांचा मान राखला अशा माणसांचा वाद, तोही सभ्य मराठीत. आमच्या गावाचं नाव मी बोट ठेवून शोधत होतो. ते सापडलं एका यादीत, जिथं जिथं जाळपोळ झाली त्या गावांच्या. नाव चुकीचं छापलं होतं.

प्रुफं तपासणारा

वर बिलोलीकडच्यांनी लिहिलंय त्या काळात मी औरंगाबादेत एका दैनिकात मुद्रितशोधक होतो. दैनिकाचं नाव राहू द्या. पत्रांच्या सदराबद्दल सांगतो, कारण ते कसं भरायचं हे बाहेर कोणाला कळत नव्हतं.

संपादकांचा नियम होता की विरोधातली दोन पत्रं लागली तर बाजूची दोन लागलीच पाहिजेत. कागदावर न्याय्यच. पण विरोधातली पत्रं यायची वकिलांची, प्राध्यापकांची, टंकलिखित, समास सोडून. बाजूची यायची पोस्टकार्डावर, पेन्सिलीनं, नागसेनवनातल्या (मिलिंद कॉलेजच्या परिसरातल्या) होस्टेलांतून आणि परभणी-हिंगोलीच्या खेड्यांतून. त्यातल्या मराठीला आमच्या टेबलावर 'अशुद्ध' म्हणत. मग दुरुस्त करायला वेळ नाही म्हणून एक कार्ड बाजूला पडायचं, दुसरं लांबलं म्हणून कापलं जायचं, आणि शेवटी बाजूनं छापली जायची दोन मिळमिळीत पत्रं, जी बहुधा कोणा शिक्षकानं लिहिलेली असत. वाचणाऱ्याला वाटायचं, या लोकांकडं मुद्देच नाहीत.

विरोधातला अग्रलेख खिळ्यांत जुळवणारा आमचा कंपोझिटर भावसिंगपुऱ्याचा होता. निळा झेंडा घेऊन मोर्चात जायचा आणि संध्याकाळी येऊन तोच अग्रलेख जुळवायचा. त्याच्या मजकुरात मला कधी चूक सापडली नाही. एकदा म्हणालो, "कसं जुळवतोस रे?" तर म्हणाला, "उलटा वाचतो साहेब. खिळे उलटेच असतात."

सेलूची लेक

आमचं कुटुंब मराठा, वडील शेतकरी, विद्यापीठाच्या नामांतराच्या कट्टर विरोधात. १४ जानेवारी १९९४ ला शरद पवारांनी नामविस्तार (जुन्या नावाला बाबासाहेबांचं नाव जोडून) जाहीर केला आणि वडलांनी त्या संक्रांतीला पेपर बंद केला. तिळगूळ घेतला, पेपर नाही. गंमत अशी की माझी पदवी त्याच वर्षाची, म्हणजे घरात 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' असं लिहिलेला पहिला कागद माझा. पुढं १७ सप्टेंबर १९९४ ला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावानं वेगळं विद्यापीठ झालं. आमचा परभणी जिल्हा तिकडं गेला, आणि धाकट्या भावाच्या पदवीवर ते नाव आलं. वडलांनी दोन्ही पदव्या शेजारी शेजारी फ्रेम करून लावल्या. पाहुणा आला की दाखवायचे, "पोरगी त्या विद्यापीठाची, पोरगं ह्या." त्यांनी नाव शेवटपर्यंत तोंडानं घेतलं नाही, पण फ्रेम रोज पुसायचे.

पेपर पुन्हा सुरू झाला तो कापसाच्या भावासाठी.

अंबडचा वार्ताहर

तालुक्याला वार्ताहर आहे. पगार नाही. जाहिरातीवर कमिशन मिळतं आणि अंक खपवायची जबाबदारी आपली. पुढाऱ्याच्या वाढदिवसाची पानभर जाहिरात आणली की महिना निघतो. हे आधी सांगितलं म्हणजे पुढचं नीट कळेल.

ऑगस्ट २०२३ च्या शेवटी मनोज जरांगे मराठ्यांना ओबीसीतून आरक्षण द्या म्हणून आमच्याकडच्या अंतरवाली सराटीत उपोषणाला बसले, तेव्हा मी पाठवलेली बातमी आतल्या पानावर बोटभर लागली. १ सप्टेंबरला लाठीमार झाला. दुसऱ्या दिवशी गावात चॅनेलच्या इतक्या गाड्या की बैलगाडीला वाट नव्हती. तिथून माझं काम बदललं. आधी लोक विचारायचे, बातमी कधी लागणार. आता विचारायला लागले, "पाव्हणं कोणत्या गावचे हो तुमचे?"

मराठवाड्यात हा प्रश्न म्हणजे काय हे इथल्यांना सांगायला नको. माझं आडनाव मराठ्यांत आहे, धनगरांत आहे, वंजाऱ्यांतही आहे. त्यामुळं मराठा आणि ओबीसी, दोन्हीकडचे आधी पाहुण्यांवरून जात काढायचे आणि मग बातमी वाचायचे. मुख्य कार्यालयाला याचा पत्ताच नव्हता. तिथून फोन यायचा, "दोन्ही बाजूंच्या प्रतिक्रिया घ्या." घ्या म्हणजे कशा? ओबीसी बाजूचा माणूस दुकानदार, त्याची गिऱ्हाइकं मराठा. तो नावानिशी बोलेल का? तो म्हणायचा, "लिही, एका व्यापाऱ्यानं सांगितलं." गावात किराणा दुकान एकच. झाकणार काय?

१७ नोव्हेंबरला अंबडमध्ये ओबीसींची सभा झाली, छगन भुजबळ आले. मी स्टेजच्या बाजूनं फोटो काढला, त्यात गर्दी दूरवर दिसत होती. छापताना गेला तो खालून काढलेला, नुसत्या पुढाऱ्यांचा. रात्री फोन सुरू. एकाचं म्हणणं, गर्दी लपवली. दुसऱ्याचं, फोटो लावलाच कशाला. मी दोघांनाही सांगितलं, पान जालन्यात नाही लागत.

जून २०२४ मध्ये लक्ष्मण हाके आणि नवनाथ वाघमारे ओबीसींच्या बाजूनं वडीगोद्रीला उपोषणाला बसले. अंतरवालीकडं जायचा रस्ता वडीगोद्रीवरूनच. एका फेरीत दोन्ही उपोषणांची बातमी व्हायची, पेट्रोल वाचायचं. वाईट वाटू नये, पण खरं तेच सांगतो.

त्या वर्षी गावात पेपरची अदलाबदल झाली. अमक्या पेपरचा वार्ताहर त्यांचा म्हणून यांनी बंद केला, तमक्याचा यांचा म्हणून त्यांनी. अंक टाकणारं पोरगं वैतागलं, रोज यादी नवी. एकूण खप होता तेवढाच राहिला. सलूनवाल्याकडं मात्र दोन्ही पेपर चालू होते. त्याच्याकडं मराठा गिऱ्हाइकं यायची कमी झाली, काही दिवस तर तो नुसताच पेपर वाचत बसलेला दिसायचा. ही बातमी मी दिली नाही, ती कोणत्या पानावर लागणार?

बीड बायपास

छोटंसं. ३० ऑक्टोबर २०२३ ला मराठा आरक्षणाच्या आंदोलनात माजलगावात आमदार प्रकाश सोळंके यांचं घर जाळलं, बीडमध्येही जाळपोळ झाली. संचारबंदी लागली, नेट बंद. मोबाइल हातात असून आंधळे झालो. माझी नात, जिनं पेपर कधी उघडला नव्हता, ती गेटवर अंकाची वाट बघत होती. तिचं म्हणणं, "आजोबा, कालचंच लिहिलंय यात." म्हटलं, पेपर कालचाच असतो, बाळा.

शहागंजची

आमच्या घरी दोन पेपर यायचे. अब्बांचा उर्दू, माझा मराठी, कारण मी मराठी माध्यमात शिकले आणि आता मराठीच शिकवते. एकाच मोर्चाची गर्दी दोन पेपरांत वेगळी असते, हे मला लहानपणीच कळलं होतं.

आमच्या औरंगाबाद शहराच्या नावाचा वाद माझ्याएवढाच जुना. १९८८ मध्ये बाळासाहेब ठाकऱ्यांनी 'संभाजीनगर' जाहीर केलं, १९९५ च्या युती सरकारनं निर्णय घेतला, पुढच्या सरकारनं तो मागं घेतला. 'सामना' तर कधीपासून संभाजीनगरच लिहीत होता. जून २०२२ मध्ये जाता जाता उद्धव ठाकऱ्यांच्या मंत्रिमंडळानं ठराव केला, शिंदे सरकारनं त्याला 'छत्रपती' जोडून पुन्हा केला, आणि २४ फेब्रुवारी २०२३ ला केंद्राची मंजुरी आली. त्याच दिवशी उस्मानाबादचं धाराशिव झालं. दुसऱ्या दिवशी माझ्या पेपरच्या बातम्यांवरचं गाव बदललं, अब्बांच्या पेपरचं नाही. एका टेबलावर दोन शहरं.

मग हरकती मागवल्या. मार्चमध्ये विभागीय आयुक्तांच्या ऑफिसात गठ्ठेच्या गठ्ठे. तेव्हाचे खासदार इम्तियाज जलील साखळी उपोषण चालवत होते, उलट बाजूनं समर्थनाचे अर्ज गोळा होत होते. आमच्या कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्यानं दोन थप्प्या छापून ठेवलेल्या, डावीकडं विरोध, उजवीकडं समर्थन, दर सारखाच. लोक शांतपणे रांगेत उभे राहून आपापल्या थप्पीतला फॉर्म घेत होते, एकमेकांना पेनही देत होते. पेपरांतल्या लेखांत त्या महिन्यात जेवढं विष होतं, त्यातलं त्या रांगेत मला दिसलं नाही. घरी आल्यावर मात्र सोसायटीच्या ग्रुपवर सगळं दिसलं.

शाळेत दाखल्यांवर नवं नाव लिहायची वेळ आली तेव्हा अब्बांना विचारलं. म्हणाले, "लिख दे बेटा, बच्चे का कागज है, अटकना नहीं चाहिए." स्वतःच्या पत्रांवर ते अजून जुनंच लिहितात. पत्र पोचतं.

लातूरचा टँकर

सगळं वाचलं. आता माझं रडगाणं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, ते देशानं पाहिलं. त्याच वर्षी ९ ऑगस्टला औरंगाबादेत मराठा क्रांती मूक मोर्चाची सुरुवात झाली, तीही देशानं पाहिली. पण १९९४ ला सुरू झालेलं मराठवाडा वैधानिक विकास मंडळ एप्रिल २०२० मध्ये मुदत संपून बंद पडलं, त्यावर कोणत्या हॉटेलात भांडण झालं? अनुशेषावर, म्हणजे विकासात राहिलेल्या तुटीवर लेख येतात, १७ सप्टेंबरच्या मुक्तिसंग्राम दिनाच्या पुरवणीत, झेंड्याच्या फोटोखाली.

आणि कोणी म्हणू नका की पाण्यानं सगळे एक झाले होते. टँकर आधी कोणत्या गल्लीत लागतो यावर आमच्याकडं डोकी फुटली. गल्ल्यांना जात असते.

निवृत्त महसूल

निजामाच्या काळात इथला महसुली कारभार उर्दूत चालायचा. माझी पिढी त्या उर्दूची शेवटची. निवृत्तीनंतर माझं उर्दू बायकोच्या चेष्टेपुरतं उरलं होतं. मराठ्यांना ओबीसीतलं कुणबी प्रमाणपत्र देता यावं म्हणून न्या. संदीप शिंदे समिती जुन्या कुणबी नोंदी शोधायला लागली आणि मी एकदम कामाचा माणूस झालो. मोडी वाचणाऱ्यांचीही तीच गत. पेपरांत रोज तालुकावार नोंदींचे आकडे यायचे, क्रिकेटच्या धावफलकासारखे, आणि पोरं कात्रण घेऊन दारात. खासरा पत्रक, शाळेचं प्रवेश-निर्गम रजिस्टर, जे हाताला लागेल ते.

२ सप्टेंबर २०२५ ला कुणबी प्रमाणपत्रासाठी हैदराबाद गॅझेट (निजामाच्या राज्याचं जुनं गॅझेट) धरायचा शासन निर्णय आला, त्यानंतर तर कहर. एक म्हातारा लांबून आला, "गॅझेटात माझ्या आज्याचं नाव काढून द्या." मी सांगितलं, बाबा, गॅझेटात कोणत्या जातीची किती माणसं होती त्याचे आकडे आहेत, माणसांची नावं नाहीत. त्यानं खिशातून कात्रण काढलं. त्यात तसं कुठंच लिहिलं नव्हतं, पण हॉटेलात त्याला तसं वाचून दाखवलं होतं. वाचून दाखवणारा उमेदवारीच्या तयारीत होता.

ओबीसी बाजूची पोरंही येतात. त्यांना तीच पानं बघायची असतात, नोंद खोटी निघते का म्हणून. दोघांना एकाच टेबलावर बसवतो, चष्मा एकच आहे माझा.

केजचा डीटीपी

माझं झेरॉक्स आणि लग्नपत्रिकेचं दुकान. २०२४ च्या लोकसभेला आमच्याकडं वातावरण कसं होतं ते निकालावरून समजून घ्या. बीडला पंकजा मुंडेंच्या विरोधात बजरंग सोनवणे ६,५५३ मतांनी निवडून आले. प्रचारात एक जण पेपरच्या कात्रणाचा फोटो घेऊन आला. म्हणे मथळा बदलून दे, उमेदवाराच्या तोंडी अमुक जातीबद्दल तमुक वाक्य घाल. पेपरचं नाव वर तसंच ठेव. मी म्हटलं पत्रिका छापायची असेल तर बोल. तो गेला. संध्याकाळी तेच कात्रण माझ्याच भाच्यानं मला पाठवलं, खाली लिहिलेलं, "मामा, बघा यांची लायकी."

बघितलं. मथळा मंगल फाँटात होता, कॉम्प्युटरसोबत आयता येतो त्या. कोणताच पेपर मंगलमध्ये मथळा लावत नाही. भाच्याला तसं कळवलं, तर म्हणतो, "फाँटचं सोडा, मनातलं तर खरं आहे ना?"

प्रुफं तपासणारा

केजकर, मंगलचं बरोबर आहे. आणखी एक बघत जा, अशा कात्रणांत कॉलमच्या शेवटी शब्द कधीच तुटलेला नसतो.